भुरीचा पोळा

ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर माही कवळी उभ्या गावादेखत पुरणपोळीत रुतून बसावी. मारुतीच्या पाराची आण, तात्यासाहेबांच्या टकलाची आण, आन तेवढ्यानं बी भागंना तर भुरीच्या इंजिनाची आण. त्याच्यावर आमच्या घरात शपथ नाय.

बैलजोडी विकली त्या उन्हाळ्यानंतरचा पोळा. पाऊस नावालाच. ढग यायचे, संभाजीनगरावरनं एक चक्कर मारायचे आन आमच्या शेंद्र्याला पाठ दाखवून निघून जायचे. तिकडं पुंडलिकनगरात मजल्यावर मजले चढत व्हते, इकडं आमच्या विहिरीचं पाणी एकेक पायरी उतरत व्हतं. अर्धं रान एमआयडीसीत गेलं, उरलेल्या अर्ध्यात कुसळ नव्हतं. चारा नाय म्हणून बैल दिले सिल्लोडच्या माणसाला. तात्या, म्हंजी आमचे मालक, लई दिवस कोणाशी बोलले नाय. मंग एका सकाळी उठले, धोतर सावरलं आन लिंबाखाली जाऊन भुरीत बसले. स्टेरिंगवर हात ठिवून. तवापासनं त्यांचा चहा मी तिथंच न्यायची.

भुरी म्हंजी आमची पिकअप. घेतली तवाच तिसऱ्या हाताची व्हती. तिचा रंग कोणचा, ते दोन माणसं एकसारखं सांगणार नाय. एक डोळा फुटलेला. एक दार नाड्यानं बांधलेलं, दुसरं लाथ मारल्याबिगर उघडत नव्हतं. डाव्या बाजूचा आरसा म्हंजी तात्यांचा दाढीचा आरसा, तारेनं आवळलेला. दाढी करायची तर ते वस्तरा घेऊन गाडीपाशी जायचे. मागलं फळकूट माह्या बाळंतपणाच्या बाजेचं. पायाखाली एवढं भोक, की डांबर सरकताना दिसायचं. त्यातनं एकदा माही पानाची चंची पडली, तर मागल्या टायरानं ती उडवून परत माह्या मांडीवर टाकली. आन तिचा धूर! एका साली करमाडकडल्या माणसांनी तो पाहून आभाळ आलं म्हणून पेरायला तिफणी बाहेर काढल्या. हसू नका. शपथ घेतलीय म्या.

पर चालायची. किल्ली नव्हती, पेचकस घातला की खोकायची, थुंकायची आन चालायची. त्या साली तिच्या पाठीवर पाण्याची काळी टाकी व्हती. लांबच्या विहिरीवरनं तात्या पाणी आणायचे आन गल्लीतल्या समद्यांच्या घागरी भरल्यावर आमची भरायची. ह्याच्यावरनं आमची भांडणं व्हायची, ती परत कधी सांगीन, आता नको.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पोरगा आला शहरातनं. सुदर्शन. संगं त्याची बायको मंदा आन नात श्रेया, कॉलेजातली. चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधीच सुदर्शन म्हणला,

"उद्या संध्याकाळी भंगारवाला येतोय. भुरीचं बोलून ठेवलंय मी."

तात्या लिंबाखाली गाडीत. तिथनंच वरडले, "कोणाचं?"

"भुरीचं, तात्या."

"मला ऐकू येत नाय."

"आत्ता तर आलं!"

"अर्धंच आलं."

"आन त्यानंतर तुम्ही दोघं आमच्याकडं चला," सुदर्शन म्हणला. "तिसरा मजला आहे, लिफ्ट आहे. इथं काय राहिलंय? शेत नाही, बैल नाहीत, पाणी नाही. एक ही गाडी, तिच्यापायी तुम्ही अडकून बसलात."

आता जरा सुदर्शनच्या डोक्यात शिरते. मी त्याची आई, मला तिकीट लागत नाय. तो वाईट नाय हो. तात्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. जालना रोडवर कंटेनर कसे धावत्यात ते तो रोज बघायचा. आठवड्याखाली कोणीतरी त्याला सांगितलं, तुमचे वडील दुभाजकाला घासून गेले. तवापासनं फॅक्टरीत फोन वाजला की तो हातातलं काम टाकून धावायचा. पर हे त्यानं तोंडानं कधी सांगितलं नाय. आमच्या घरात काळजी वाटली की माणूस भंगारवाल्याला बोलावतो.

आन अजून एक. बजाजनगरला नोकरीचा पहिला दिवस व्हता, तवा तात्यांनी त्याला भुरीतनंच नेलं व्हतं. तवा सुदर्शन दोन गल्ल्या अलीकडं उतरला. गाडी कंपनीतल्या पोरांना दिसू नये म्हणून. तात्यांना ते कळलं. सुदर्शनला कळलं की तात्यांना कळलं. त्याच्यावर दोघं एक शब्द बोलले नाय, आजपतोर.

मी म्हणलं, "भंगाराचं उद्या बघू. उद्या आधी पोळा हाय. वेशीतनं आपला मान कोण नेणार?"

सुदर्शन हसला. "आई, बैलच नाहीत."

हे मानाचं सांगते. मारुतीपुढं जुनी वेस हाय, एकच दार, पुढं थोडा चढ. पोळ्याला तिथं तोरण बांधत्यात. तोरणाखालनं पहिलं जनावर आमच्या घराचं जाणार, तात्यांच्या आज्यापासनं हा मान. आमच्याकडं जनावर नसलं तर मान कडुबाकडं. कडुबा म्हंजी कोणी परका नाय, तात्यांचा सख्खा भाचा. तात्यांची थोरली बहीण वच्छलाबाई गावातच दिलेली, तिचा पोरगा. आन नाव घेतलं तर तोच दारात उभा. मागं वच्छलाआक्का.

"मामा," कडुबानं टोपी काढली, लई अदबीनं, "उद्याचं विचारायला आलो. जोडी सजवायला घेतलीय. म्हणलं, तुमच्याकडं यंदा काय नाय, तर मान..."

"कोण म्हणलं काय नाय?" मी म्हणलं.

खरं सांगते, तोंड उघडलं तवा पुढं काय बोलायचं ते मला बी माहीत नव्हतं. आपोआप निघालं.

"भुरी जाईल."

आधी कोणी हसलं नाय. मंग श्रेया हसली. मंग मंदा. मंग कडुबा असा हसला की त्याला ओट्याचा खांब धरावा लागला.

"मामी, पोळा बैलाचा असतो! भुरी तर बाई माणूस!"

"ओझं कोण वाहतं तिच्या पाठीवर? तू का तुझा बैल?"

"ओझं वाहिलं म्हणून काय बैल होतं व्हय?"

"मंग आमच्या घरातल्या बाया इतकी वर्सं काय होत्या?" वच्छलाआक्का मागनं बोलली. कडुबानं काढलेली टोपी गपकन डोक्यावर चढवली. आईनं भर सभेत दगा दिला पोराला. आमची आक्का अशीच, तिचा पक्ष तिलाच ठाऊक. लग्नात ती माह्याकडनं भांडली आन बारशाला माह्याशी.

तात्या गाडीतनं उतरले. डोळे असे चमकत व्हते, मोतीबिंदूवाला बी. "आक्का बरोबर बोलती. घरात जे राबतं ते जनावर. त्याचा पोळा करायचा."

सुदर्शननं कप खाली ठिवला. सुपरवायझर माणूस, त्याला अटी घालायची सवय. "ठीक आहे. बैल आपल्या पायानं जातो ना? मग भुरी आपल्या चाकानं जाऊ द्या. वेशीतनं गेली, तर राहिली. भंगारवाल्याला मी परत पाठवतो, आन परत शहराचं नाव काढत नाही. पण मागनं एक बोट जरी लागलं, तर ती भंगारात आन तुम्ही माझ्या घरी. आन तात्या चालवणार नाहीत. श्रेया चालवेल, तिच्याकडं लायसन आहे."

"मी?" श्रेया उडालीच. "पप्पा, तिला ब्रेक कुठाय ते तर सांगा!"

"ब्रेक सापडतो," तात्या म्हणले. "जरा शोधावा लागतो."

"मंजूर," मी म्हणलं.

"मंजूर," कडुबा म्हणला. "ढकलली तर मान माहा."

 रात्रीच्या भाकरी थापताना मंदा माह्याजवळ सरकली. "आत्याबाई, काय बी करा, भुरी जाऊ द्या वेशीतनं. मी तुमच्या बाजूनं हाय."

मी मनात म्हणलं, पोरी, सासू तिसऱ्या मजल्यावर येऊ नये म्हणून तुला भुरीचा पुळका आलाय. मी तिला दोष देत नाय. मी बी मला घरात ठिवून घेतलं नसतं.

त्या सांजेला खांदामळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत्यात, वर्सभर जू ओढून जिथं दुखतं तिथं. आन कानात आवतण देत्यात, उद्या जेवायला या म्हणून. आम्ही समद्या भुरीभोवती जमलो. मंदानं तुपाची वाटी आणली, श्रेयानं हळद. आन आडलं तिथंच.

"खांदा कोणचा?" मंदा म्हणली.

"पुढचा मडगाड," मी म्हणलं.

"मागलं फळकूट," श्रेया म्हणली. "लोड तर मागं असतो ना आजी."

मंग दोन्ही चोळले. पुढं मडगाड पिवळे केले, मागलं बाजेचं फळकूट तर असं माखलं की हात लावला तर मनगटापतोर हळद लागावी. तात्यांनी खिडकीत तोंड घालून आवतण दिलं, "भुरे, उद्या जेवायला ये बाई." आन बोनेट उघडून पेचकस फिरवला, ती बरी हाय का बघायला. भुरी सुरू झाली आन तिच्या पोटातला पट्टा किंचाळाया लागला. ती तर तिची रोजचीच बोंब. पंखा फिरवायचा रबरी पट्टा, जुना झालेला, किर्र किर्र वरडायचा. तात्यांनी बंद केली आन हात धुवायला गेले.

आम्ही बी पाठ फिरवली. वच्छलाआक्का तेवढी मागं राहिली.

दुसऱ्या दिवशी, बाई, काय ती सजावट! फुटक्या डोळ्यावर झेंडूचा गोंडा. बोनेटवर बाशिंग. आरशाला घुंगरमाळ. बोनेटच्या दोन्ही कोपऱ्यांना केरसुणीचे दांडे उभे बांधून त्यांना हिंगूळ लावला, शिंगं म्हणून. पाठीवरची टाकी उतरवून माहं लग्नातलं हिरवं लुगडं झूल म्हणून टाकलं. आधीच ध्यान, त्यात नवरी झाली. शेजारची पोरं म्हणली, आजी, ही लई घाण दिसती. मी म्हणलं, तुम्ही जन्मला तवा ह्याच्यापेक्षा घाण दिसत व्हता.

उन्हं उतरायच्या वक्ताला मिरवणूक निघाली. पुढं हलगी. मंग भुरी, श्रेया स्टेरिंगवर, बाजूला तात्या, नवा फेटा, बाशिंगाच्या वरनं रस्ता बघत. मागं कडुबाची पांढरी जोडी, अंगावर झुली. त्याच्या मागं गावात उरले तेवढे बैल. आन सर्वात मागं भंगारवाला, मोठी गाडी घेऊन, साखळदंड घेऊन, बिचारा हळूहळू येत व्हता. सुदर्शन भुरीच्या मागच्या फळकुटामागं. त्यानंच जागा निवडली. म्हणला, कोणी ढकलतंय का त्याच्यावर नजर ठेवतो.

आन नवल म्हंजी, भुरी किंचाळत नव्हती. एक किर्र नाय. तात्यांनी कान टवकारले. "श्रेया, हिचा आवाज कुठं गेला?"

"बरंय ना आजोबा, शांत झाली."

"शांत झाली की आजारी पडली?"

वेशीपाशी आलो. तोरण डोक्यावर झुलत व्हतं. ब्राह्मणानं मंगलाष्टका म्हणायला तोंड उघडलं, आन पहिल्याच 'शुभमंगल'ला भुरीच्या नाकातनं वाफ निघाली. असली वाफ की बाशिंग उडून ब्राह्मणाच्या डोक्यावर बसलं. अगदी बरोबर बसलं, जसं काय मापानं केलं. भुरी एकदा खोकली, एकदा थरथरली, आन वेशीच्या तोंडात, तोरणापासनं हातभर अंतरावर, उभी राहिली. बंद.

हलगी थांबली.

"बाजूला घ्या," कडुबा वरडला. "माही जोडी अडकली. ढकला तिला बाजूला!"

"ढकललं की हरली," मागनं सुदर्शन म्हणला.

"मंग हरली म्हणा ना!"

"बोट लागू दे, मग म्हणतो."

दार एकच आन त्यात भुरी. ना ती जाई, ना दुसऱ्याला जाऊ देई. तात्या उतरले, बोनेट उघडलं, आत बघितलं आन त्यांचा चेहरा असा झाला की मला बैल विकलेला दिवस आठवला.

"पट्ट्याला तूप," ते हळूच म्हणले. "कोणीतरी पट्टा तुपानं माखलाय. पट्टा घसरतोय, पंखा फिरत नाय. पाणी उकळून उडालं समदं."

माही नजर सरळ वच्छलाआक्कावर गेली. तिच्या पोराला मान मिळणार. ती मागं राहिली व्हती. मी काय गप बसणारी हाय?

"आक्का! पोरासाठी भावाची गाडी मारलीस?"

"माह्या जिभेला किडे पडो!" आक्का दोन्ही हात कानाला लावून पुढं आली. फेस आला तोंडाला. "ती किंचाळत व्हती ना! बैल कुठं वरडतो? जिथं दुखतं तिथंच. मी म्हणलं, ह्या येड्या बाया मडगाड चोळत बसल्या, बिचारीचा खांदा तर आत हाय. म्हणून चोळलं. चांगलं चार बोटं चोळलं. आन गप झाली की नाय ती? माह्या हातानं गप झाली!"

आता कोणाला राग येणार, सांगा. तात्यांनी बहिणीकडं बघितलं. मंग त्यांच्या पोटात हसू असं उठलं की फेटा सुटला. "आक्का," ते म्हणले, "बरोबर जागा धरली ग तू. खांदा तोच तिचा."

मी म्हणलं, हसून काय होतंय, वखत चाललाय. तुपकट भांडं कशानं निघतं? मंदाला म्हणलं, "पळ, कोणाच्या बी चुलीतनं राख आण." सुदर्शनच्या घरात गॅस, पर पळायला पोरगी भारी. पातेलंभर राख घेऊन आली. मी पदर खोचला, सत्तर पावसाळे बघितलेली बाई, दुष्काळी बी धरून, आन पट्ट्याला राख घासली, जसा पुरणपोळीचा तवा घासते. आक्का दुसऱ्या बाजूनं. दोघी नणंदा-भावजया इंजिनात डोकं घालून. आमच्यात एवढी एकी ह्याच्या आधी कधी नव्हती आन नंतर बी झाली नाय.

"पट्टा झाला," तात्या म्हणले. "आता पाणी."



पाणी. त्या साली पाणी म्हणलं की माणूस खाली बघायचा. पोळ्याला बैल धुवायला बी पाणी नव्हतं, ओल्या फडक्यानं पुसले व्हते. कोण देणार? आन नियमात बसतं का?

"बैलाला पाणी पाजणं म्हंजी ढकलणं नव्हं," मी सुदर्शनकडं बघून म्हणलं.

त्यानं मान डोलावली. "नव्हं," म्हणला.

कोपऱ्यावरच्या लीलाबाईनं तांब्या आणला. नुस्ता एक तांब्या. तात्या म्हणले, थांबा, आधी वाफ जाऊ द्या. वाफ जाईपतोर बघते तर गल्लीतनं बाया निघाल्या. कोणाच्या हातात पेला, कोणाच्या हातात कळशीच्या तळाचं पाणी, एक म्हातारी तर वाटीत घेऊन आली.  ते पाणी कुठनं आलं व्हतं ते समद्यांना माहीत व्हतं ना. भुरीनंच आणलेलं. तिचंच तिला चाललं व्हतं.

पर इंजिनाचं पाण्याचं भांडं मोठं, पेले लहान. भरंना. राहिली एक बादली, कडुबाची, बैलांसाठी मागं ठिवलेली.

कडुबाच्या मनात आता शिरू का? तिथं दोन माणसं भांडत व्हती. एक म्हणत व्हतं, पंचवीस वर्सं मामाच्या मागनं चाललास, आज एक दिवस पुढं जा. दुसरं म्हणत व्हतं, उन्हाळ्यात तुझी पांढरी जोडी कोणाच्या पाण्यावर जगली रे?

आक्का पोराकडं बघत बी नव्हती. राखेचे हात पदराला पुसत उभी.

कडुबानं बादली उचलली. "सरका," म्हणला. स्वतः ओतलं, शेवटच्या थेंबापतोर. मंग तात्यांकडं न बघता म्हणला, "मामा, माहं काय जातंय? तुमचंच हाय."

"कडुबा," तात्या म्हणले, "पुढल्या साली तू पुढं."

"पुढल्या साली ही परत येईल, मला माहीत हाय ना!"

तात्या परत बाजूला चढले, श्रेयानं पेचकस फिरवला. खोकली. थुंकली. आन काय सांगू, पट्टा किंचाळला! किर्रर्र! असली गोड किंचाळी म्या ऐकली नव्हती. समदी वेस हसली, बैल बुजले, हलगी सुरू झाली.

आता चढ. भुरी हातभर गेली, बोनेट तोरणाखाली, आन चढावर अडखळली. श्रेयानं दात खाऊन ॲक्सिलेटर दाबला. भुरीनं मागं असा धूर सोडला की मागली शीव दिसेना, बैल दिसेना, कडुबा दिसेना. चाक फिरतंय, माती उडतीय, गाडी तिथंच. मी डाव्या बाजूला उभी. तात्या खिडकीतनं मान बाहेर काढून दाढीच्या आरशात बघत व्हते. एकदम त्यांनी हात बाहेर काढला आन आरसा वर वळवला, सरळ आभाळाकडं. लोकांनी विचारलं, काय झालं? म्हणले, "काय नाय, ढग आलाय का बघत व्हतो."

आन भुरी निघाली! धक्का नाय, मुक्का नाय, आपल्या चाकानं. मागं सुदर्शन उभा, हात मागं बांधून, जसा शाळेतला हेडमास्तर. धुरातनं दिसत नव्हतं, पर मी सांगते ना, हात मागं बांधलेले. तोरण घुंगरमाळेत अडकलं, तुटलं, आन ते घेऊनच भुरी वेशीपार झाली. हॉर्न अडकला तो मारुतीला फेरी घालून होईपतोर वाजतच राहिला. श्रेयाला ब्रेक सापडंना म्हणून पाच फेऱ्यांऐवजी सात झाल्या. देवाला काय, जास्तच पुण्य.

धूर निवळला तवा सुदर्शन पुढं आला. चेहरा सुपरवायझरचा. कडुबानं विचारलं, "काय हो पाव्हणे, बोट लागलं का कोणाचं?"

"नाही," सुदर्शन म्हणला. "मी मागंच होतो. कोणी हात लावला नाही."

भंगारवाला साखळदंड हातात घेऊन उभा. त्याला म्हणलं, आता आलास तर जेवून जा. तो भुरीला लांबनं बघत म्हणला, "आजी, खोटं कशाला सांगू, ही तोडायला निघालो असतो तर माझीच कटर तुटली असती." आन तिच्या मडगाडाला हात लावून हात कपाळाला लावला.

पुरणपोळ्या झाल्या. पहिला नैवेद्य भुरीला, बोनेटवर. कावळ्यानं नेला, पर मान तिचा. सुदर्शन तेवढा पंगतीला उशिरा आला. मोरीत बसला व्हता हात धूत. मी वरडले, "अरे, दुष्काळ हाय, तांब्याभर पाण्यात भागव!" तर बाहेर आला आन पहिलाच घास चमच्यानं खाल्ला. पुरणपोळी चमच्यानं! मंदा म्हणली, "शहरात राहून हे असं होतं."

 तात्या उठले, सुदर्शनच्या पानात स्वतःच्या हातानं तूप वाढलं आन जाता जाता म्हणले, "उद्या बजाजनगरला जाणार ना? भुरीतनं सोडतो. श्रेया चालवंल."

"फाटकापर्यंत सोडा," सुदर्शन खाली बघत म्हणला. "पार आतपर्यंत."

झालं. एवढंच.

आता कवळीची शपथ घेतलीय, तर एक कबूल करते. त्यातलं एवढं एक माह्या पदरचं हाय. सुदर्शनचे हात मागं बांधलेले नव्हते. दाढीच्या आरशात दिसलं ते दोघांनाच, तात्यांना आन मला. माह्या बाजेच्या फळकुटाला दोन्ही तळवे लावून, चपला रुतवून, पोरगं सारं अंग टाकून ढकलत व्हतं. हळद चार दिवस निघाली नाय त्याच्या हाताची.

बाकी समदं खरं. करमाडच्या तिफणी बी.